तिच्या नावावर काय आहे?

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधली सिंधू गेली शंभर वर्षं मराठी प्रेक्षकाला रडवते आहे. वकील नवरा दारूच्या आहारी जातो, घर धुळीला मिळतं आणि सुखात वाढलेली सिंधू लोकांची दळणं दळून तान्ह्या लेकराला जगवते. नवऱ्याच्याच मारानं मरतानाही फौजदारापुढे ती त्याला वाचवते. बालगंधर्वांनी फाटक्या लुगड्यात ही सिंधू उभी केली आणि ती घराघरांत पोचली. गडकऱ्यांनी नाटक लिहिलं दारूवर. आपण त्यातून शिकलो ते सिंधूचे गोडवे गायला.

ते आपण आजही गातो. ‘वडील प्यायचे, पण आईनं आम्हाला काही कमी पडू दिलं नाही,’ हे वाक्य किती सत्कारसमारंभांत, किती आत्मकथनांत ऐकलं, वाचलं असेल! वाक्य खरं असतं, म्हणणाऱ्याचा गळा खरोखर दाटून आलेला असतो. पण त्या आईला संसार रेटण्याची सगळी जबाबदारी मिळाली आणि अधिकार एकही मिळाला नाही, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही.

गिरणगावातल्या आमच्या चाळीत एक काकू होत्या. नवरा साचेखात्यात कामाला. पगाराच्या दिवशी पाळी सुटायच्या आत काकू थोरल्या लेकाला घेऊन गिरणीच्या फाटकाशी उभ्या राहायच्या, कारण फाटक ते चाळ या वाटेत गुत्ता होता. हाती लागेल तेवढ्यातून आधी वाण्याची उधारी, मग मुलांची फी. फी त्या कधीच महिन्याची भरत नसत, जमेल तेव्हा पुढच्या दोन-तीन महिन्यांची भरून टाकत. भिशीचे पैसे शेजारणीकडे असत. ‘घरात ठेवले की ह्यांना वास लागतो,’ म्हणायच्या. मंगळसूत्राच्या वाट्या केव्हाच गेल्या होत्या, उरले होते काळे मणी. संध्याकाळी चार गिरणी कामगारांचे डबे करायच्या, त्यातच घरचं जेवण निघायचं.

हा व्यवहार कोणत्याही कारखान्याच्या हिशेबनिसाला जमला नसता. पण खोलीची भाडेपावती नवऱ्याच्या नावावर होती. एक दिवस एक अनोळखी माणूस खोलीची मापं घ्यायला आला, तेव्हा काकूंना कळलं की त्यांच्या यजमानांनी देण्यापोटी खोली देऊन टाकली आहे. कित्येक वर्षांची काटकसर एका सहीनं संपली. थोरली मुलगी सातवीतून शाळा सोडून धाकट्यांना सांभाळत होती, तिचं शिक्षण कायमचं सुटलं. आईच्या कर्तबगारीची किंमत अशी बहुतेक वेळा घरातली मोठी मुलगी चुकवते. तिचा सत्कार कुणी करत नाही.

काकूंसारख्या बायका गिरणगावात शेकड्यांनी होत्या. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार त्यांच्या खाणावळीत जेवत आणि पैसे पगाराला देत. तोवर या बायका वाण्याकडून जबर व्याजानं उधारी उचलत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. तारण नाही म्हणून बँक त्यांना दारात उभं करत नव्हती. प्रेमाताईंनी त्यांचे गट केले आणि एकमेकींच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बायका त्याच होत्या, कष्टही तेच. फरक पडला तो कर्ज त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळाल्यानं. १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, तेव्हा कित्येक घरांची चूल बाईच्या कमाईवरच पेटली.

आता बचतगट गावोगाव आहेत. तरीही सावध राहायला हवं. कर्ज तिच्या नावावर, उचल नवऱ्याच्या हातात आणि हप्त्याला तगादा पुन्हा तिच्याच दारात, असंही सर्रास घडतं. नाव तिचं हवंच, त्याबरोबर निर्णयही तिचा हवा.

दारूच्या प्रश्नाकडे आपण दोनच बाजूंनी पाहतो, दुकान आणि दारुडा. दुकानाविरुद्ध बायका लढल्या. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली ती मोठ्या लोकचळवळीनंतर. ‘उभी बाटली, आडवी बाटली’च्या मतदानानं अनेक गावांतली दुकानं बंद झाली. पण त्यासाठी यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. ऊसतोडीला किंवा मजुरीला गावाबाहेर गेलेली बाई आपोआप दुकानाच्या बाजूनं मोजली जाते. हा नियम बदलायला हवा.

दारुड्याचं म्हणाल, तर व्यसन हा आजार आहे हे डॉ. अनिता अवचटांनी महाराष्ट्राला समजावलं. पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. आजार म्हटल्यावर उपचार आले, पण ते करायचे डॉक्टरांनी. आपल्याकडे मात्र तेही काम बाईच्याच गळ्यात पडतं. दारू सोडवणारी पूड ती चोरून भाजीत घालते. त्यावर नवरा प्यायला तर ते जिवावर बेतू शकतं, हे तिला पूड विकणारा सांगत नाही. शिवाय ‘बायकोनं नीट सांभाळलं असतं तर तो प्यायला नसता,’ हे सासरचे सुनावतात ते वेगळंच. नवऱ्याची दारू सोडवणं ही बायकोची परीक्षा नव्हे. तो सुधारेल किंवा न सुधारेल, घर आणि लेकरं तोवर सुरक्षित राहिली पाहिजेत.

त्यासाठी कायद्यानं वाट करून ठेवली आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचार आहे. घर कुणाच्याही नावावर असो, त्यात राहण्याचा हक्क बाईला आहे, आणि नवऱ्यानं ते विकू नये असा आदेश न्यायालय देऊ शकतं. काकूंच्या वेळी हा कायदा नव्हता. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं शिधापत्रिकेवर घरातली सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख ठरवली आहे. आपल्या नात्यातल्या किती जणींना हे ठाऊक आहे?

आणि या कायद्यांच्याही आधी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी आपण होऊन एक पाऊल उचललं होतं. चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली. ज्या गावात शंभर शेतकरी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करतील, ते गाव लक्ष्मीमुक्त. अनेक गावांनी ते करून दाखवलं. लाखांच्या देणग्या त्यासाठी लागल्या नाहीत, लागली ती फक्त नवऱ्याची तयारी.

पाडव्याला बायको ओवाळते, तेव्हा ताटात काही घालायची आपली रीत आहे. यंदा साडीऐवजी सातबाऱ्यावर, घराच्या कागदावर, बँकेच्या खात्यावर तिचं नाव लावून द्या. न पिणाऱ्यांनी तर आधी द्यावं, कारण हक्क संकट आल्यावर मिळवायचा म्हटलं की उशीर झालेला असतो. आणि ज्यांच्या आईनं दारूच्या घरात त्यांना वाढवलं, त्यांनी तिच्यावर कविता जरूर लिहाव्यात. त्याआधी एकदा तिच्या नावावर काय आहे ते पाहावं. काहीच नसेल, तर ते करून देणं हे मुलांचं पहिलं काम आहे.