अंगरख्याखालचं मागणं

पांडुरंगा, कमरेवर हात ठेवून उभा राहणाऱ्या देवाकडे चिलखत मागावं का, हाच मला पहिला प्रश्न. तुझ्या अंगावर पोलाद नाही, शस्त्र उगारायला हात मोकळा नाही. तरी मागतो, कारण आमच्या भाषेत रणातलं कवच आणि देवघरातलं कवच यांना नाव एकच आहे. देवीकवच, नारायणकवच, आणि दिवेलागणीला घराघरांत म्हटली जाणारी रामरक्षा. तीही स्वतःला वज्रपंजर म्हणवते. डोळे कौसल्येच्या लेकराकडे सोपवायचे, कान विश्वामित्राच्या लाडक्याकडे, तोंड लक्ष्मणावर माया करणाऱ्याकडे. कारागिरानं माप घेऊन एकेक पत्रा जोडावा, तशी तुझी नावं डोक्यापासून पायापर्यंत अंगावर चढतात. आणि हे काही आमचंच वेड नव्हे. रोमन शिपायाच्या चिलखताला लॅटिनमध्ये लोरिका म्हणत. पुढे आयर्लंडच्या ख्रिस्ती मठांत रक्षणासाठी प्रार्थना रचल्या गेल्या, त्यांनाही लोरिकाच म्हणतात. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध संत पॅट्रिकच्या नावावर आहे. भ्यालेल्या माणसांना इतक्या दूरदूर एकच युक्ती सुचली. ती तूच सुचवली असशील.

बाकीचे शब्द फौजांबरोबर चालत आले. जिरेटोपातलं जिरे फोडणीतलं नव्हे; फारसीत जिरह म्हणजे कडीत कडी अडकवून विणलेलं चिलखत. चारआईना म्हणजे चार आरसे: छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणारे पत्रे. वार करणाऱ्याला आधी स्वतःचं तोंड दिसावं, एवढं शहाणपण त्या नावात आहे असं मला वाटतं. युरोपातल्या क्युरासच्या मुळाशी चामडं, लोरिकाच्या मुळाशीही चामड्याचा पट्टा. पुढे लोखंड आलं, पण नाव कातडीचंच राहिलं. ज्या मुक्या जनावरांची ती कातडी, त्यांचं ऋण तुझ्यापाशी नोंदवतो.

10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली शिवाजी महाराज अफझलखानाला भेटले, तेव्हा त्यांनी अंगरख्याखाली चिलखत आणि पागोट्याखाली लोखंडी टोप घातला होता. भवानीवर पूर्ण श्रद्धा होती, तरी घातला होता. तुझं नाव घेऊन हेल्मेट घरी विसरणाऱ्या मला एवढी अक्कल दे.

कर्णाबद्दल मात्र तुला विचारायचं आहे. त्याचं कवच जन्माबरोबर आलेलं. ते मागून नेणारा देवच होता, आणि तोही ब्राह्मणाचा वेष घेऊन आलेला. कर्णानं ते अंगावरून कापून दिलं, त्यावरून त्याला वैकर्तन म्हणू लागले. बदल्यात एकदाच चालणारी शक्ती मिळाली, ती घटोत्कचावर खर्ची पडली. हा व्यवहार मला अजून पटलेला नाही, देवा. रागावू नकोस.

संस्कृतात कवचाला वर्म असंही म्हणतात. वृ म्हणजे झाकणे, त्या धातूतून निघालेला हा शब्द. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातलं 75वं सूक्त चिलखत घातलेल्या योद्ध्यापासून सुरू होतं, धनुष्य, दोरी, भाता, घोडे असं सगळ्यांना आळवत जातं, आणि अखेरीस ऋषी सांगतो की आपलं आतलं कवच म्हणजे मंत्र. पल्लव राजांनी हाच शब्द नावामागे लावला. अंगकोर वाट उभारणारा सूर्यवर्मनही त्याच शब्दाचा धनी. आणि आम्हा मराठी माणसांचं वर्म कोणतं? दुखरी जागा. कोणी तिच्यावर बोट ठेवलं की आम्ही कळवळतो, नाहीतर चवताळतो.

म्हणून दोनच मागण्या. सीमेवर आणि नाक्यानाक्यावर आज जे जड जॅकेट घालून उभे आहेत, त्यांच्या छातीवरचा पत्रा खोटा निघू देऊ नकोस. तो बनवणाऱ्याच्या आणि विकत घेणाऱ्याच्या मनात तेवढी लाज ठेव. मला मात्र फार जाड कवच नको. घरच्यांचा रुसवा, मित्राचा टोमणा, परक्याचं रडणं माझ्या आत पोचलं पाहिजे. जिथे घाव बसला की मी क्रूर होतो, तेवढीच जागा झाक. ती कुठली, ते तुला ठाऊक आहे.