शाळेसाठी जागा

कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग ओतूर मागे टाकतो आणि आळेफाटा येण्यापूर्वी पिंपरी पेंढार या गावावरून जातो. जुन्नर तालुक्यातील हा भाग कांद्याचा, उसाचा आणि कालव्याच्या पाण्याचा. सकाळच्या वेळी या रस्त्याने प्रवास करताना एक दृश्य वारंवार नजरेस पडते. टाय बांधलेली, पाठीवर जड दप्तरे घेतलेली चिमुकली मुले आईचा किंवा आजोबांचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभी असतात. पिवळी गाडी येते, मुलांना घेते आणि दूरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेकडे निघून जाते. ज्या वाड्या-वस्त्यांवरून ही मुले आलेली असतात, तेथे बहुधा जिल्हा परिषदेची एखादी शाळा असतेच. दोन खोल्या, पुढे ओटा, भिंतीवर रंगवलेली बाराखडी आणि अंगणात एखादे झाड. इमारत जागेवर आहे. पट मात्र वर्षागणिक उतरतो आहे.

याच्या नेमके उलटे दृश्य अमेरिकेत पाहावयास मिळते. तेथे १९९१ साली मिनेसोटा राज्याने एक कायदा केला आणि त्यातून 'चार्टर शाळा' नावाचा प्रकार जन्मास आला. पालकांनी वा शिक्षकांनी पुढाकार घ्यावा, शासनाशी करार करावा, सार्वजनिक पैशातून विनाशुल्क शाळा चालवावी, अशी ही व्यवस्था. पुढे ती इतर अनेक राज्यांत पसरली. यांतील काही शाळा केवळ एखाद्या भाषेसाठी निघाल्या आहेत. मुलाने शाळेत पाऊल टाकले की गणित, खेळ, गोष्टी, भांडणेसुद्धा त्याच भाषेत. पोहणारा पाण्यात उतरतो तसे भाषेत उतरायचे. अशा शाळेला पालक मिळतात, शिक्षक मिळतात, परवानगीही मिळते. अडते ते जागेपाशी. अनेक ठिकाणी शाळा चालवण्यासाठी पैसा मिळतो, पण इमारतीसाठी पुरेसा मिळत नाही. मग पालकांच्या समित्या गावभर हिंडतात. बंद पडलेले दुकान पाहतात, चर्चचे सभागृह पाहतात, मुलांअभावी बंद झालेली एखादी कॅथलिक शाळा भाड्याने मिळते का ते पाहतात. कुठे भाडे परवडत नाही, कुठे आगीपासून बचावाचे नियम आड येतात, कुठे स्वच्छतागृहे अपुरी, तर कुठे मुलांना खेळायला वीतभर अंगण नाही.

तेथे मुले आहेत आणि जागा नाही. येथे जागा आहे आणि मुले नाहीत. ही दोन चित्रे शेजारी ठेवली, की एक प्रश्न आम्हांला स्वस्थ बसू देत नाही. भाषेच्या शाळेला योग्य जागा म्हणजे नेमकी कोणती?

कायद्यापाशी याचे एक उत्तर आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली मागतो. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान, कुंपण आणि अपंग मुलालाही आत येता येईल अशी वाट मागतो. ही यादी मुळीच क्षुल्लक नाही. गळक्या छपराखाली बसवून कोणी मुलांना भाषेचे प्रेम शिकवू नये. परंतु ही सारी यादी पूर्ण करणाऱ्या इमारतीही आज ओस पडत आहेत. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा महाराष्ट्रात हजारोंनी आहेत आणि २०२३ मध्ये शासनाने त्यांच्याऐवजी समूह शाळा उभारण्याचा विचार मांडला, तेव्हा गावोगावच्या पालकांत व शिक्षकांत खळबळ उडाली होती.

हिशेबाच्या वहीत हा विचार सरळ दिसतो. चार ठिकाणची मुले एका चांगल्या इमारतीत आणावीत, तेथे प्रयोगशाळा असावी, ग्रंथालय असावे. परंतु जुन्नरच्या शिवारात उभे राहून पाहिले, की वही पुरेशी ठरत नाही. येथे उसात बिबट्या राहतो. जखमी व पकडलेल्या बिबट्यांसाठी याच तालुक्यात माणिकडोहला निवारा केंद्र चालवावे लागते आणि पिंपरी पेंढारच्या शिवारातही २०२४ साली बिबट्याच्या हल्ल्यात माणसांचे बळी गेले. उसाच्या कडेने दोन किलोमीटर चालत जाणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला दूरच्या शाळेतील प्रयोगशाळेचा काय उपयोग? तिच्या दृष्टीने योग्य जागा तीच, जेथून आई हाक मारील तर ऐकू येईल. ज्याच्याकडे गाडी आहे त्याचे मूल कुठेही पोचते. जागेची परीक्षा पायी चालणाऱ्या मुलावरूनच झाली पाहिजे.

आमच्याच इतिहासात या परीक्षेला उतरलेल्या जागा आहेत, आणि त्या फार साध्या आहेत. १८४८ च्या जानेवारीत जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्याच्या बुधवार पेठेत मुलींची शाळा सुरू केली ती तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात. वाड्याच्या मालकाने खोल्या दिल्या, याचा अर्थ त्याने लोकापवादातील आपला वाटाही उचलला. समाज ज्या कामाला शिव्या देतो त्या कामाला दार उघडणे, हे भाड्याने खोली देण्याहून फार निराळे. तो वाडा पुढे जीर्ण झाला आणि २०२३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आला. भिंती गेल्या, तेथे सुरू झालेले काम गेले नाही.

त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या व पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. आज देशभर रूढ झालेला 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणाची आठवण आहे. गुरे राखणारी मुले अंगणातही सापडेनात, तेव्हा शाळा कुरणात गेली आणि 'कुरणशाळा' झाली. वारली मुलांच्या कानावर त्यांच्या ओळखीचे शब्द पडतील अशा जागी बसून त्या दोघींनी शिकवले. इमारत शोधण्यापूर्वी त्यांनी मूल शोधले, एवढेच त्यांचे शास्त्र होते.

आयर्लंडमधील बेलफास्ट शहराची गोष्टही अशीच आहे. तेथील शॉज रोडवर काही कुटुंबांनी आयरिश भाषा घरात बोलायची असा निश्चय करून शेजारी-शेजारी घरे बांधली. १९७१ साली एका तात्पुरत्या खोलीत त्यांनी शाळा उघडली. मुले होती नऊ. शासनाची मान्यता मिळायला १९८४ साल उजाडावे लागले. तोवर पालकांनी पदरमोड करून शाळा चालवली. या गोष्टीतील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी भाषा चुलीपाशी आली, मग शेजारात आली आणि सर्वांत शेवटी वर्गात आली. म्हणूनच ती तात्पुरती खोली त्यांना पुरली.

आता उलट बाजूचे एक उदाहरण आपल्या शेजारचे, गोव्याचे. १९९० मध्ये तेथे प्रादेशिक भाषांतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले, तेव्हा धर्मप्रांताच्या शाळांनी कोंकणी माध्यम स्वीकारले. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदानाची वाट मोकळी झाली आणि त्यांतील बऱ्याच शाळा इंग्रजीकडे वळल्या. इमारती त्याच होत्या, बाके तीच, पुष्कळ ठिकाणी शिक्षकही तेच. भाषा तेवढी बदलली. यात आम्ही कोणाचा निवाडा करू इच्छित नाही. पालकांची मागणी होती आणि ती उघड होती. पण अनुदानाने आलेली भाषा अनुदानाबरोबर जाऊ शकते, एवढे मात्र यातून शिकावे.

येथे कोणी वाचक आम्हांला थांबवून विचारील, "तुमची स्वतःची मुले कोणत्या शाळेत गेली?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. आमच्यापैकी अनेकांनी आपली मुले इंग्रजी माध्यमातच घातली. मराठीवर लेख लिहिले, मराठीच्या सभांना अध्यक्ष झालो आणि जून महिना आला की इंग्रजी शाळेच्या दारात रांग लावली. यामागे दुष्टपणा नव्हता, भीती होती. मूल मागे पडेल, मुलाखतीत अडखळेल, चारचौघांत खाली मान घालील ही भीती. पिवळ्या गाडीची वाट पाहणाऱ्या त्या शेतकरी आईच्या मनातही हीच भीती आहे आणि तिला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे, कित्येक शाळांत गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. पण भीतीला शासनाचे परिपत्रक वाचून दाखवता येत नाही. ज्यांची मुले शिकून स्थिरावली, ज्यांना आता गमावण्यासारखे फार नाही, त्यांनी आधी पाऊल उचलावे, हाच न्याय होय.

आणखी एक अडचण अशी की, 'मराठी' म्हटल्याने प्रश्न संपत नाही. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकर समाजाची मुले आहेत. ठाकर मूल घरून जी बोली घेऊन येते, तिच्यापासून पहिलीचे पुस्तक बरेच दूर असते. आपण इंग्रजीसमोर जसे गोंधळतो, तसे ते आपल्या प्रमाण मराठीसमोर गोंधळते. आपल्या भाषेसाठी जागा मागणाऱ्याने आपल्या वर्गात दुसऱ्याच्या बोलीला बसायला घोंगडी अंथरली पाहिजे. एरवी आपली तक्रार फक्त एवढीच उरते, की वरच्या पायरीवर आपण का नाही.

मराठी बोलणाऱ्या आम्हां कॅथलिकांना हा विषय परका नाही. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी येथील भाषा आत्मसात केली आणि १६१६ मध्ये त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध झाले. परदेशी माणूस या भाषेत उतरू शकला, याचे कारण ती त्याच्या आसपास सतत बोलली जात होती. आज आमच्या धर्मग्रामांच्या आवारांत जागा कमी नाही. सभागृहे आहेत, रविवारी सकाळी दोन तास भरणाऱ्या आणि सहा दिवस कुलूपबंद राहणाऱ्या खोल्या आहेत. लग्नाच्या हंगामात त्यांचे भाडे चांगले येते. उद्या कोणी येऊन म्हणाले, "दुपारी तीन तास खोली द्या, वस्तीवरची बारा मुले आहेत, त्यांना त्यांच्या भाषेत गोष्टी सांगायच्या आहेत," तर समितीच्या बैठकीत पहिला प्रश्न कोणता निघेल? विजेच्या बिलाचा, फरशी खराब होण्याचा, की त्या मुलांचा?

वीजबिलाचा प्रश्न खोटा नाही. फरशीही कोणाच्या तरी देणगीतून बसलेली असते. तरीही आम्हांला वाटते की, ज्याच्या हाती खोलीची किल्ली आहे त्याच्यावर एक ऋण आहे. खोली रिकामी असणे आणि दाराबाहेर मूल उभे असणे, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील, तर कुलूप लावणाऱ्याला त्याचे कारण देता आले पाहिजे. मात्र केवळ खोली दिल्याने हे ऋण फिटत नाही. देणाऱ्याने आपले नातवंडही त्या बारांत तेरावे म्हणून बसवावे. तेव्हाच त्या दानातला उपकाराचा वास जाईल आणि शेजारची आई विचार करू लागेल की, यांचे मूल येथे बसते तर माझेही बसू शकेल.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्हांलाही आनंद झाला. पण त्या दर्जाने एकाही रिकाम्या बाकावर मूल येऊन बसलेले नाही. अमेरिकेत जागेसाठी वणवण करणाऱ्या पालकांकडे जे आहे ते आपल्याकडे नाही आणि आपल्याकडे जे आहे ते त्यांना मिळत नाही. त्यांच्यासाठी इमारत बांधणे आपल्या हाती नाही. आपल्या हाती आहे ती आपल्या वस्तीवरची दोन खोल्यांची शाळा, आपल्या आवारातले सभागृह आणि आपल्या घरातली जेवणाची वेळ.

येत्या जूनमध्ये पिंपरी पेंढारच्या रस्त्यावर पिवळ्या गाड्या पुन्हा उभ्या राहतील. त्यांना कोणी अडवू नये. पण त्याआधी आपण एकदा वस्तीवरच्या शाळेचे फाटक उघडून आत जावे, गुरुजींना पट विचारावा आणि त्यात एक नाव वाढवता येईल का, हे घरी येऊन जेवताना सर्वांसमक्ष बोलावे. आपल्या भाषेत बोलावे.