नाताळच्या अर्पणाचें मोल

नाताळ जवळ आला म्हणजे मंडळ्यामंडळ्यांतून वर्गणीचीं बोलणीं सुरू होतात. मंदिराची रंगसफेदी, मुलांचा खाऊ, प्रीतिभोजन, यांस पैसा लागतोच, व तो मागण्यांत कांहीं गैर नाहीं. परंतु उपासनेच्या शेवटीं देणाऱ्यांची यादी वाचली जाते, तेव्हां हजाराच्या आंकड्यास माना डोलतात व विसाच्या आंकड्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. मग ज्यास वीसहि देतां आले नाहींत, तो गृहस्थ पुढच्या वर्षीं बायकामुलांसह घरींच बसतो. प्रभूच्या जन्मदिनीं गरिबानें प्रभूच्या घरीं येण्यास लाजावें, ही गोष्ट लहान नव्हे. म्हणून, आपण जें देतों त्याचें मोल कशानें ठरतें, हा प्रश्न वाचकांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

आमच्या जामनेर तालुक्यांत हे दिवस कापूस वेचणीचे. मजुरी वजनावर मिळते. संध्याकाळीं कापूस काट्यावर चढतो व इतके किलो म्हणून आंकडा सांगितला जातो. काटा खोटें बोलत नाहीं; परंतु तो कापूस तोलतो, दिवसभर वांकलेली पाठ तोलीत नाहीं. मंडळीची यादीहि तसाच एक काटा आहे. रुपये किती आले हें ती सांगते. देणाऱ्याच्या घरीं मागें काय उरलें, हें तिला ठाऊक नसतें. प्रभूनें मात्र नेमकें तेंच पाहिलें. मार्ककृत शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायांतील विधवेच्या दोन टोल्या त्यानें धनवानांच्या दानांहून अधिक ठरविल्या. कारण त्यांच्या घरीं पुष्कळ उरलें होतें, तिच्या घरीं कांहींच उरलें नव्हतें.

खुद्द जन्मकथेंतहि हीच शिकवण आहे. मत्तय आपणांस मागी लोकांचें सोनें, ऊद व गंधरस दाखवितो. लूक त्याच बाळकासाठीं मंदिरांत झालेलें अर्पण सांगतो. तें होल्यांच्या किंवा पारव्यांच्या जोडीचें, म्हणजे ज्यास कोंकरूं देण्याची ऐपत नाहीं अशा गरिबासाठीं नियमशास्त्रानें ठरविलेलें होतें. देवानें सोन्याचा अव्हेर केला नाहीं व पांखरांचाहि केला नाहीं. आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. मागी लोकांनीं आधीं पायां पडून नमन केलें व मग आपल्या थैल्या सोडल्या. आधीं भक्ति, मग भेट, हा तो क्रम होय. मासेदोनियाच्या दरिद्री मंडळ्यांविषयीं पौलहि हेंच लिहितो कीं, त्यांनीं प्रथम स्वतःस दिलें.

येथें कोणी म्हणेल, "भाव असला म्हणजे झालें; पैशाची काय गरज?" असें म्हणणाऱ्यानें दावीद राजाचें स्मरण करावें. अरवना आपलें खळें व बैल फुकट देत असतां राजानें तें नाकारून ५० शेकेल रुपें मोजलें. ज्याची आपणांस झीज नाहीं, तें त्यास देवापुढें ठेववेना. तेव्हां श्रद्धा ही कृपणतेची पळवाट नव्हे. परंतु याच्या उलट, लोकांत नांव राहावें म्हणून कर्ज काढून वर्गणी भरणें हेंहि अर्पण नव्हे. आपणांपाशीं जें आहे त्यांतूनच देव मागतो, जें नाहीं तें मागत नाहीं.

भक्ति आधीं व पैसा मागून, हा क्रम आमच्या महाराष्ट्रांत एका सेवकानें स्वतःच्या आयुष्यास लावून पाहिला. रेव्ह. नारायण वामन टिळक यांनीं १९१७ सालीं अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, 'देवाचा दरबार' स्थापन केला, व १९१९ सालीं ते प्रभूकडे गेले. मिशनचा पगार घेणें हा दोष होता असें नव्हे; त्यावर संसार चालवून कित्येकांनीं विश्वासूपणें सेवा केली आहे. सेवा पगारावर नव्हे तर भक्तीवर उभी राहावी, असा त्या पावलाचा अर्थ आम्ही घेतों. आणि सेवेस जें लागू, तें दानासहि लागू.

तर मग करावें काय? हिशेब चोख ठेवावा, एकूण रक्कम मंडळीस सांगावी, परंतु कोणी किती दिलें हें मोठ्यानें वाचूं नये. पैसा पाकिटांतून येवो वा मोबाईलवरून येवो, देतांना प्रार्थना करावी. ज्याजवळ पैसा नाहीं त्यानें मूठभर ज्वारी आणावी, मंदिर झाडावें, आजारी शेजाऱ्याजवळ घटकाभर बसावें. ज्याचें शेताच्या बांधावरून भावाशीं वैर असेल, त्यानें आधीं भावाच्या दारीं जावें. वेदीपाशीं दान ठेवून प्रथम समेट करण्याची प्रभूचीच आज्ञा आहे. या अर्पणांस वर्गणीच्या वहींत रकाना नाहीं. परंतु ज्या मंडळींत हजार देणारा, वीस देणारा व कांहींच देतां न आलेला, असे तिघेहि एका पंक्तीस निःसंकोच बसतात, तेथें नाताळ खरोखर साजरा झाला असें आम्ही समजूं.