घास: दयेचा की हक्काचा?

भुकेल्याला अन्न देणे हे पुण्यकर्म, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु देणाऱ्याचे पुण्य मोठे की घेणाऱ्याचा हक्क?

२००१ साली सरकारी गोदामे धान्याने भरलेली होती आणि त्याच वेळी राजस्थानच्या दुष्काळी गावांत माणसे उपाशी होती. उणीव धान्याची नव्हती, ते विकत घेण्याच्या ऐपतीची होती. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाविषयी अमर्त्य सेन यांनी १९८१ साली हेच प्रतिपादन केले होते. राजस्थानचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले अन्न देण्याचा आदेश राज्य सरकारांना दिला.

दयेचा घास दात्याच्या मर्जीवर अवलंबून असतो. आज मिळाला, उद्या मिळेलच असे नाही. हक्काचा घास घेताना मात्र मुलाला मान खाली घालावी लागत नाही.

मग दया निरुपयोगी ठरली काय? मुळीच नाही. कायदा ताट मांडतो. त्यातली आमटी पातळ आहे की दाट, हे पाहायला शेजाऱ्याचेच डोळे लागतात. आपल्या गावच्या शाळेत दुपारच्या पंगतीला आपण कधी डोकावलो आहोत काय?