जळालेली गुंडाळी
(यिर्मया ३६:२३-३२)

माझा संगणक अचानक बंद पडला. उपदेशांची टिपणे त्यातच होती. दुसरीकडे प्रत पाठवायची राहिली होती. दुरुस्ती करणाऱ्याने डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, आधी सर्वाची नक्कल केली, मगच शोध घेतला. जुने मिळाले, येत्या रविवारचा उपदेश मात्र गेला.

यहोयाकीम राजाने गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळली. तरी यिर्मयाच्या मुखातून बारूखाने ती पुन्हा लिहिली, आणि तीत आणखी पुष्कळ वचनांची भर पडली.

मी लिहावयास बसलो, तर माझाच उपदेश मला आठवेना! लाज वाटली. तो कागदापुरताच होता.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, प्रत अवश्य ठेवा. पण धडा प्रथम अंतःकरणात उतरवा. तेथले वचन कोणत्याही शेगडीत जळत नाही.