आत्मौपम्य आणि शाळेचा उंबरठा

आत्मौपम्य हा शब्द आपल्या घरांत गीतापाठाच्या निमित्ताने वारंवार कानी पडतो. सहाव्या अध्यायात भगवंतांनी दुसऱ्याचे सुखदुःख आपल्याच सुखदुःखाप्रमाणे जाणणाऱ्या योग्यास श्रेष्ठ मानले आहे. देवघरात हा विचार गोड वाटतो. परंतु तोच विचार शाळेच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवला की तो कठीण प्रश्नाचे रूप धारण करतो. घंटा होऊन गेल्यावर आलेला मुलगा, वही न आणलेली मुलगी, जन्माचा दाखला नसलेले पोर, ही समोर उभी असताना शाळेने नियम पाळावा की आत्मौपम्य आचरावे? आमचा जन्म पुरोहिताच्या घरातला आणि शिक्षण माध्यमिक शाळेपुरतेच. यास्तव शिक्षणशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु प्रश्न धर्माचा आहे, आणि धर्माचा विचार करण्याचा अधिकार प्रत्येकास आहे.

या प्रश्नाचे फार जुने उत्तर छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाच्या कथेत सापडते. सत्यकाम गुरूकडे निघाला तेव्हा त्याला आपले गोत्र ठाऊक नव्हते. आईस विचारले असता ती म्हणाली की, तारुण्यात अनेकांच्या घरी राबताना तुझा जन्म झाला, तुझे गोत्र मलाही ठाऊक नाही. हारिद्रुमत गौतमांनी गोत्र विचारले तेव्हा मुलाने हे सर्व जसेच्या तसे सांगितले. आजच्या भाषेत बोलायचे तर त्याच्यापाशी दाखला नव्हता. गौतमांनी त्याला परत पाठविले नाही. तो सत्यापासून ढळला नाही एवढी एकच गोष्ट पाहून त्यांनी त्याला समिधा आणावयास सांगितले.

कथा येथे संपली असती तर ती केवळ दयेची कथा झाली असती. परंतु उपनयनानंतर गौतमांनी त्याच्या स्वाधीन केल्या त्या चारशे कृश व दुबळ्या गाई. त्या हजार झाल्याखेरीज परतणार नाही, असे म्हणून सत्यकाम रानात गेला आणि वर्षानुवर्षे तेथे राहिला. ज्या गुरूने प्रवेशाच्या वेळी कागद मागितला नाही, त्याच गुरूने आत घेतल्यावर शिष्याकडून अपेक्षा मात्र तिळभरही कमी ठेवली नाही. आमच्या मते आत्मौपम्याचे खरे स्वरूप ते हेच. उंबरठा सखल असावा, छप्पर मात्र उंचच राहावे.

आपल्या सिल्वासा परिसरात या कथेचे महत्त्व अधिक आहे. हा प्रदेश १९५४ साली पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला, १९६१ साली भारतात विलीन झाला आणि २०२० पासून दमण व दीव यांसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला. २०११ च्या जनगणनेत दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या सुमारे ३ लाख ४४ हजार होती आणि तीत निम्म्याहून अधिक लोक आदिवासी होते. खानवेलच्या बाजूच्या डोंगराळ पाड्यांवरून येणाऱ्या वारली, कोकणा वा धोडिया मुलाची घरची बोली एक आणि पाठ्यपुस्तकाची भाषा दुसरी. दुसऱ्या बाजूस मसाट, पिपरिया, खडोली येथील कारखान्यांत काम करण्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून आलेली कुटुंबे आहेत. बापाचे काम बदलले की मुलाची शाळा बदलते, आणि कधी कधी माध्यमही बदलते. असा मुलगा वर्गात मुका बसतो तेव्हा त्याला मंद म्हणणे सोपे असते. परंतु हीच मुले घरच्या अंगणात किती बोलतात, हे ज्याने ऐकले आहे त्याला तसे म्हणवणार नाही.

येथे कोणी म्हणेल, एकास सवलत दिली तर वेळेवर येणाऱ्या दहा जणांवर तो अन्याय नव्हे काय? हा आक्षेप हलका नाही. नियम सर्वांना सारखा असतो म्हणूनच दुर्बलाला त्याचा आधार वाटतो; मर्जीप्रमाणे वाकणारा नियम शेवटी ओळखीच्या माणसाच्याच कामी येतो. परंतु नियम कशासाठी आहे, हेही पाहिले पाहिजे. वेळेवर येण्याचा नियम मुलाने शिकावे म्हणून आहे. धाकट्या भावंडाला सांभाळून, पाणी भरून धावत आलेल्या मुलीला दिवसभर फाटकाबाहेर ठेवले तर नियम राखला जाईल, परंतु त्याचा हेतू बुडेल. यास्तव शिक्षेपूर्वी कारण विचारणे हीच आत्मौपम्याची पहिली पायरी होय. आळसाने उशीर करणाऱ्यास ताकीद मिळावी, आणि ओझ्याने उशीर झालेल्याचे ओझे हलके करण्याचा मार्ग शोधावा. कारण विचारण्यास क्षणभरच लागतो. परंतु तेवढ्यावर एखाद्या मुलाची शाळा टिकते वा सुटते.

असा मार्ग आपल्या शेजारीच एकदा शोधला गेला आहे. डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या आणि १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत ना, कारण दिवसभर गुरे राखावी लागत. तेव्हा या बाईंनी मुलांना बोल लावला नाही. गुरे चरत त्या कुरणातच शाळा नेली. मोठ्या मुली घरी अडकत, कारण कडेवर तान्हे भावंड असे. त्यांच्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. यात अभ्यास कमी केलेला नाही, शाळेची जागा व रीत तेवढी बदलली आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आता शाळेच्या रोजच्या कारभाराकडे वळू. विद्यार्थ्याचे दुःख प्रथम कोणाच्या दृष्टीस पडते? पुष्कळदा ते शिक्षकाच्या आधी शिपायाच्या, स्वयंपाकीणबाईच्या वा कारकुनाच्या दृष्टीस पडते. कोणते पोर दुपारच्या खिचडीची वाट सकाळपासून पाहते, हे वाढणारीस कळते. अनवाणी कोण येतो, ते फाटकावरच्या माणसास कळते. ही माहिती मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचण्याची काही रीत शाळेत असावी. महिन्यातून एकदा सर्व सेवकवर्गाने एकत्र बसून अडचणीतील मुलांविषयी बोलावे, एवढेही पुष्कळ होईल. मात्र ते बोलणे त्या खोलीबाहेर जाऊ नये.

कायदाही या बाबतीत उदार आहे, हे पालकांनी जाणावे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या बालकास वयाचा पुरावा नाही एवढ्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, आणि जुन्या शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला म्हणूनही अडवता येत नाही. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस त्यात बंदी आहे. गौतमांनी अंतःकरणाने जे केले, ते आज कायद्याने सांगितले आहे. तथापि खिडकीतून कागद परत करताना कारकुनाचा स्वर कसा असावा, हे कोणताही कायदा ठरवू शकत नाही. ते संस्कारच ठरवितात.

परंतु आत्मौपम्य एकाच दिशेने वाहणे न्याय्य नव्हे. शिक्षकालाही घर आहे, आजारी आई आहे, नोकरीची चिंता आहे. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळून, वर निवडणूक व जनगणना यांची कामे करून, नोंदवह्या भरून थकलेल्या मनुष्याकडून आपण रोज प्रसन्न मुखाची अपेक्षा करतो, आणि तो एकदा चिडला की गावभर बोलतो. ज्याच्या अडचणीची कोणी विचारपूस करीत नाही, त्याला दुसऱ्याची विचारपूस करण्याचे बळ कोठून यावे? मुख्याध्यापकांनी शिक्षकांस, शिक्षकांनी शिपायांस आणि पालकांनी या सर्वांस माणूस म्हणून पाहिले, तरच ती दृष्टी मुलापर्यंत उतरेल.

शेवटी साहाय्याच्या रीतीविषयी एक शब्द. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडले. परंतु कर्मवीरांनी मुलांस याचक होऊ दिले नाही. ‘कमवा व शिका’ हा मार्ग देऊन त्यांची मान ताठ ठेवली. मंदिरात वह्या वाटताना गरीब मुलांची रांग लावून छायाचित्र काढण्याचा मोह आपणही टाळावा. प्रसाद घेताना जसा कोणी दाता व कोणी याचक नसतो, तद्वत् हे देणे असावे. वह्या शाळेत पोहोचत्या कराव्यात आणि कोणास दिल्या ते विचारू नये.

मंदिरातील घंटा वाजवून आपण देवास आपली हाक पोहोचवितो. ती वाजविताना आपण वेळेवर आलो की उशिरा, हे देव विचारीत नाही. शाळेची घंटा तशी नाही, आणि ती तशी असूही नये, कारण शिस्त हीही मुलाची गरजच आहे. परंतु घंटेनंतर आलेल्या पोराला ‘का रे उशीर झाला?’ असे शांतपणे विचारणारा एक तरी माणूस प्रत्येक शाळेच्या फाटकाशी असावा. येत्या शैक्षणिक वर्षी आपापल्या मुलांच्या शाळेत जाऊन शिक्षकांना आणि शिपायांनाही ‘आमची काही मदत होईल काय?’ असे प्रत्येक सभासद कुटुंबाने विचारावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.