न्याय्य कार्य आणि असत्याचा आधार

29 सप्टेंबर 2006 रोजी आपल्या भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. त्या खटल्यात विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम भंडाऱ्याच्या न्यायालयात उभे राहिले. 2008 मध्ये आठ जण दोषी ठरले. 1993 चे मुंबई बॉम्बस्फोट आणि 26/11 चा हल्ला हे खटलेही त्यांनी चालविले. पीडितांच्या वतीने बोलणे ही मोठी अमानत आहे. त्या परिश्रमांचे मोल नाकारता येणार नाही.

मात्र 2015 मध्ये जयपूर येथे निकम यांनी स्वतःच सांगितले, की कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितल्याची गोष्ट खरी नव्हती. आरोपीविषयी सहानुभूती निर्माण होऊ लागल्याने ती त्यांनी रचली होती. येथे प्रश्न उपस्थित होतो : कार्य न्याय्य असेल, तर असत्य क्षम्य ठरते काय?

कोणी म्हणेल, ते विधान न्यायालयाबाहेरचे होते. 166 जणांचा बळी घेणाऱ्या हल्ल्यातील आरोपीविषयी खोटे बोलल्याने काय बिघडले? परंतु सूरह अल-माइदाच्या आठव्या आयतीची शिकवण हीच, की वैरानेही आपल्याला न्यायापासून ढळवू नये. कसाबविरुद्ध प्रत्यक्षदर्शी होते, छायाचित्रे होती. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी निर्दोष सुटले, कारण न्यायालयाने पुरावाच तोलला. दोषसिद्धीला त्या असत्याची गरज नव्हती. खटला संपला, कसाबला फाशी झाली. पण बिर्याणीचा टोमणा उरला. तो अशांना ऐकावा लागतो, ज्यांच्या मुंबईतील बांधवांनी हल्लेखोरांच्या दफनासाठी कब्रस्तानात जागाही नाकारली होती.

तथापि दुसऱ्याचा दोष दाखवून आपली सुटका होत नाही. आपल्यावर अन्याय झाला, की खातरजमा न करता भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर आपणही पुढे पाठवितो आणि ‘हेतू चांगला होता’ असे मनाला समजावतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजावले आहे, की वाक्चातुर्याने अनुकूल निकाल मिळवून दुसऱ्याचा हक्क घेणारा वस्तुतः अग्नीचा तुकडा घेतो. मजलूमची बाजू घेणाऱ्याने तर आपली जीभ अधिकच जपावी. सत्य आपल्या बाजूने असताना असत्याची मदत घेणे, हा सत्यावरील अविश्वासच होय.

अल्लाह आपल्याला न्यायाने बोलण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.